आक्का, श्रावणाचं मी विचारलं!

आक्का, सोमवारी दुपारी मी ओपीडीतून वॉर्डात अक्षरशः पळत आले. हातात केसपेपर, पायात एकच चप्पल नीट, दुसरी अर्धी. "आक्का, अहो ऐका तरी!" असं दारातूनच ओरडले आणि तुमच्या टेबलापाशी येऊन थांबले. तिथे नवीन सिस्टर इंजेक्शनं मोजत बसल्या होत्या. त्या दचकून उभ्या राहिल्या. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की तुम्ही जाऊन पंधरा दिवस झाले आहेत. तेराव्याला तुमच्या गावी मुरगूडला येऊन मी स्वतः तुमच्या फोटोला हार घातला होता, पानावर बसून जेवलेही होते, आणि तरीही बातमी हातात पडल्याबरोबर पाय तुमच्याकडेच वळले.

आता ही बातमी मी कुणाला सांगू? घरी सांगितली तर नवरा म्हणाला, "छान झालं." छान झालं! अकरा वर्षांच्या भांडणाचा निकाल लागला आणि याला छान वाटलं. आक्का, या बातमीची किंमत फक्त तुम्हाला कळली असती. तुम्ही कमरेवर हात ठेवून, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात "मग! मी काय सांगत हुतो?" म्हणाला असता. कोल्हापूरच्या बायकांच्या रीतीनं स्वतःला 'हुतो' म्हणत. ते ऐकायला मी आज काहीही दिलं असतं.

पाल्हाळ तुम्हाला खपत नाही, म्हणून आधी निकाल सांगते. वॉर्डातल्या सर्जेरावला नुसती दारू नाही, आजारही आहे. तुमचं बरोबर होतं, माझं चूक होतं.

आता जरा सावकाश. केंद्राच्या दिवाळी अंकात हे छापायचं म्हणतात, तेव्हा तुम्हाला न ओळखणारेही वाचतील. त्यांच्यासाठी एवढंच सांगते की तुम्ही आमच्या व्यसनमुक्ती केंद्राच्या हेडनर्स होता आणि मी तिथली मानसोपचाराची डॉक्टर. निदान करायचं काम माझं होतं आणि ते चुकलं की मला सांगायचं काम तुम्ही आपणहून घेतलं होतं.

मी आले तेव्हा पुस्तकातला नियम ताजा होता. दारू सगळ्या आजारांची सोंगं घेते. पिणारा माणूस उदास होतो, घाबरतो, झोपत नाही, त्याला कानात आवाज येतात. आणि पिणं थांबवलं की तेच सगळं आणखी जोरात होतं. यातलं दारूमुळे किती आणि मुळात मनाचा आजार किती, हे पिण्याच्या काळात ओळखायला जाणं धोक्याचं असतं. म्हणून महिनाभर माणूस कोरडा राहू द्यावा, आणि मग उरेल त्याला नाव द्यावं. पहिल्याच आठवड्यात मी हे सगळ्या स्टाफला फळ्यावर लिहून समजावलं. तुम्ही मागच्या बाकावर बसून गोळ्यांची पाकिटं लावत होता. मान वर न करता म्हणालात, "डॉक्टरबाई, महिनाभर थांबतंय कोन हितं? पंधराव्या दिवशी बायको न्यायला येत्या. भात कापायला मानूस पायजे म्हनून."

मी म्हटलं, "मग काय करायचं?"

"काय करायचं म्हंजे? महिना तर त्यानं दरवर्षी दिलाय की तुमास्नी. श्रावण!"

मला काही कळलं नाही. कसं कळणार? आमचं जैनांचं घर, शिरोळकडचं. दारू आणि मटण या दोन्ही गोष्टी मी लहानपणी फक्त शेजारच्या गल्लीतून येणाऱ्या वासावरून ओळखत होते. तुम्ही हसून म्हणालात, "तुमच्यात बारा महिने श्रावण. तुमास्नी काय ठाऊक!" आणि मग मला शिकवलंत, की इथे वर्षभर गटारातून उचलून आणावा लागणारा माणूससुद्धा श्रावण लागला की ग्लास पालथा घालतो. पांढरा रस्सा बंद, तांबडा बंद, बाटली बंद. पहिले चार दिवस हात थरथरतात, घाम फुटतो, काहींना फिट येते. म्हणूनच श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात आपल्या वॉर्डात खाटा पुरत नाहीत. पण जे निभावतात ते महिनाभर थेंबाला शिवत नाहीत. आणि तो महिना घरातल्या बायकांच्या डोळ्यांसमोर जातो.

तुमचा प्रश्न एवढाच असायचा, "श्रावणात कसा असतोय?" बायको म्हणाली, "श्रावणात देवमानूस वो, पोरांचा अभ्यास बी घेतो," की तुम्ही माझ्याकडे बघून नुसती मान हलवायचा. म्हणजे दारू सोडवा, बाकी काही नाही. आणि बायको म्हणाली, "श्रावणात बी तोंड फिरवून झोपतो, जेवत न्हाई," की तुमच्या भुवया वर जायच्या. मी पाच वर्षं परीक्षा देऊन जे शिकले ते तुम्ही केस पिंजारलेल्या, रडून डोळे सुजलेल्या बायकांना एक प्रश्न विचारून मिळवत होता. मला राग यायचा, आक्का. खरं सांगते, यायचाच.

म्हणून तर दाखल झालेल्या त्या मास्तरांच्या वेळी मला एवढा आनंद झाला! आठवतं? तुम्हाला आठवणारच, तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता. मास्तरांना वाटायचं गाव आपल्यावर पाळत ठेवून आहे. बायको शपथेवर सांगत होती, श्रावणात एक थेंब नाही, आणि श्रावणातच संशय जास्त. तुम्ही छातीठोकपणे म्हणालात, "दारू न्हाय ही. आजार हाय." मी म्हटलं थांबू या. आणि विसाव्या दिवशी मास्तर स्वतःच हसत सांगायला लागले, की श्रावणात दर सोमवारी ते मठात जाऊन चिलीम ओढायचे. सोमवारी कसले, रोजच! बायकोनं ते सांगितलं नव्हतं, कारण तिच्या मते ते व्यसनच नव्हतं. गांजा महादेवाचा. आपणही विचारलं नव्हतं. वॉर्डात ना दारू ना चिलीम, तेव्हा संशय आपोआप विरून गेला होता. मी त्या दिवशी तुमच्यासमोर मुद्दाम दोनदा चहा मागवला. तुम्ही प्यायला नाहीत.

पण तिसऱ्या दिवशी सकाळी नवीन पेशंटच्या आईला तुम्ही काय विचारलंत? "श्रावणात कसा असतोय? आनि देवाच्या नावावर काय काय घेतोय?" माझ्याकडे न बघता विचारलंत. असं हरणं मला आजवर जमलेलं नाही. त्याच दुपारी तुमच्या डब्यातून माझ्यासाठी वेगळी केलेली चटणी निघाली. माझा चातुर्मास चालू होता, म्हणून कांदा-लसूण न घातलेली. अकरा वर्षं तुम्ही ती करत होता, आणि मी एकदाही विचारलं नाही की घरी दोनदा पाटा मांडायचा त्रास होतो का.

आता सर्जेराव. शिरोलीच्या फौंड्रीत मोल्डर, घर कोडोलीला. ओतकामाचा साचा त्याच्यासारखा कुणी बसवत नाही असं त्याचा मालकसुद्धा म्हणायचा. गेल्या वर्षी तिसऱ्यांदा दाखल झाला तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. मी केसपेपरवर लिहिलं, दारूमुळे आलेलं नैराश्य, आणि नैराश्याची गोळी सुरू करून घरी पाठवला. तुम्ही तेव्हाही म्हणाला होता, "शालनला इचारा की श्रावणाचं." शालन म्हणजे त्याची बायको. मी विचारलं नाही. वेळ नव्हता म्हणायला बरं वाटतं, पण वेळ होता.

या वर्षी गणपती झाल्यावर तो चौथ्यांदा आला. या वेळी त्याला भावानं आणलं. शालन आलीच नाही. तिनं निरोप पाठवला होता, या खेपेला मी येणार नाही, पोरांना घेऊन माहेरी जाते. तुम्ही रोज तिला फोन लावायचा आणि ती उचलायची नाही. मग त्या शनिवारी, सर्जेरावच्या नवव्या दिवशी, राउंड चालू असताना तुम्ही पुन्हा सुरू केलंत. "डॉक्टरबाई, तुमी स्वतः फोन करा. डॉक्टरचा फोन उचलंल ती. ह्याला नुसती दारू न्हाय. मी सांगतो की तुमास्नी." चार पेशंट बघत होते, दोन नातेवाईक बघत होते. आणि मी म्हणाले, "आक्का, निदान मी करते. तुम्ही बीपी बघा."

तुम्ही "व्हय" म्हणालात. एवढंच. यंत्र उचललंत आणि पुढच्या खाटेकडे गेलात.

रविवारी पहाटे तुम्ही गेलात. छातीत कळ आली आणि दहा मिनिटांत संपलं, असं तुमच्या सुनेनं सांगितलं. मला तेराव्यापर्यंत एकाच गोष्टीची लाज वाटत होती, की मी तुमच्याशी बोललेलं शेवटचं वाक्य हे आहे. माफी मागायला सोमवार होता असं मी धरून चालले होते. सोमवार आला, तुम्ही नव्हता.

आणि आता ऐका, कारण इथून पुढचं दुःखाचं नाही!

परवाच्या सोमवारी सर्जेरावचा पंचविसावा दिवस होता. अजून तसाच पडून. माझ्याशी बोलायचा नाही, आंघोळीला ढकलावं लागायचं. माझा महिना पुरा व्हायला तीन-चार दिवस होते. तो पुरा झाला की नियमाप्रमाणे मी नैराश्य लिहिणार होते, आणि तीच गोळी पुन्हा सुरू करणार होते. पुस्तकाबरहुकूम, सगळं चोख. तेवढ्यात शालन ओपीडीत आली. त्याच्या कपड्यांची पिशवी द्यायला. पोरं माहेरी पोचवून आली होती, पिशवी ठेवून परतीची एसटी धरणार होती. दारातूनच म्हणाली, "ही घ्या त्याची कापडं. माजं काम संपलं."

मी खुर्चीतून उठले. खरं तर तुम्ही उठवलंत. म्हटलं, "शालनताई, एकच गोष्ट विचारते, मग जा. श्रावणात कसे असतात हे?"

ती थांबली. म्हणाली, "श्रावणात? श्रावणात तर लई चांगला असतोय."

आक्का, मला वाटलं, संपलं, दारूच ती. मी मान डोलावून पेन उचललं. मग ती पुढे बोलायला लागली.

"एक थेंब घेत न्हाई. अंगात वारं भरल्यागत असतोय. औंदा एका दिवसात सगळं घर रंगवलं, मग शेजाऱ्याचं बी रंगवलं, त्यानं न सांगता. आठ दिवस रोज चालत जोतिबाला गेला, अनवानी. झोप न्हाई, दोन तास फकस्त. तरी सकाळी ताजातवाना. सारखं बोलतंय, सारखं बोलतंय. मालकाला सांगून आला, फौंड्री मी चालवतो, तुमी घरी बसा. गावातली लोकं पाया पडायची त्याच्या. म्हनायची, बघा, दारू सुटली तर मानूस कसा देवाला लागतो."

मी पेन खाली ठेवलं. आक्का, गाव पाया पडत होतं आणि तो आजार होता. म्हणून तर शालननं कधी तक्रार केली नाही. बारा महिन्यांतला तेवढाच एक महिना नवरा चांगला, त्याची तक्रार कोण करणार? आणि आपण विचारलं नाही.

मग तुमचा दुसरा प्रश्न. "देवाच्या नावावर काही? चिलीम, भांग?" ती चिडलीच. "न्हाय वो! तमाकूची पुडी बी टाकून देतोय श्रावणात." घाई करायची नाही असं स्वतःला बजावत मी तिसरं विचारलं, जे आपल्या दोघींच्या भांडणाचं मूळ होतं. असं पहिल्यांदा कधी झालं, आणि दारू कधी लागली? तिनं बोटांवर मोजलं. लग्नानंतरच्या दुसऱ्या श्रावणात पहिल्यांदा असं वारं भरलं. तेव्हा तो दारूच्या वाटेलाही गेलेला नव्हता. मग भादव्यात पार बसला. आणि पुन्हा झोप उडाली तेव्हा फौंड्रीतल्या कुणीतरी सांगितलं, घोटभर घे, झोप लागंल.

बायपोलर! एका टोकाला उन्माद, दुसऱ्या टोकाला नैराश्य, आणि मध्ये स्वतःच शोधलेलं औषध म्हणजे दारू. आपण चार वेळा ते औषध सोडवलं आणि आजार तिथेच ठेवला. शालन पुढे म्हणाली, "औंदा तर फारच. गेल्या साली तुमी गोळी दिली तवापासनं लईच." तेही मला कळलं. अशा माणसाला नुसती नैराश्याची गोळी दिली की ती त्याला उन्मादाकडे ढकलू शकते, हे मला पाठ आहे, आक्का. मीच दिली होती. चार दिवसांनी मीच पुन्हा देणार होते. मी तिला तसं स्पष्ट सांगितलं. म्हटलं, "माझी चूक झाली." चार पेशंटांसमोर नाही, पण दारासमोर बसलेल्या दोघांना ऐकू गेलं असावं.

तिनं पुन्हा बोटं मोजली. मग म्हणाली, "म्हंजे हे दारूच्या आदीपासनं हुतं?"

"हो."

"मग मी बारा वर्सं भांडलो कुनाशी?"

याचं उत्तर तुम्हाला आलं असतं, किंवा तुम्ही तिला नुसतं पोटाशी धरलं असतं. मी एवढंच सांगितलं की आता गोळ्या वेगळ्या लागतील, रक्त तपासून देऊ, दारू सोडावी लागेलच, पण दोन्हींवर एकत्र उपचार केला तर आशा मोठी आहे. ती म्हणाली, "मी अजून काय ठरवलो न्हाय." पण एसटीला गेली नाही. बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. आणि मी केसपेपर घेऊन तुमच्याकडे पळत सुटले, ते वर लिहिलंच आहे.

तुमचं टेबल सोडून मग सर्जेरावच्या खाटेपाशी गेले. स्टुलावर बसून त्याला सगळं सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं, श्रावणातलं वारं सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करूनच ऐकत होता. मग हळूहळू कूस वळवून माझ्याकडे बघितलं. पंचवीस दिवसांत पहिल्यांदा.

"इचारलंत वाटतं शालनला," तो म्हणाला.

"तुम्हाला कसं माहीत?"

"आक्का म्हनल्या हुत्या. त्या दिवशी तुमी त्यास्नी बोलला, आन मागनं त्या माज्या दंडाला बीपीचा पट्टा बांधाय आल्या. मी म्हनलं, आक्का, डॉक्टरबाई लई वाईट बोलल्या तुमास्नी. तर हसल्या. म्हनल्या, तिला जरा वेळ लागतोय. पन इचारनार बघ ती. इचारल्याशिवाय राहनारी न्हाय." तो उठून बसला. "कवा येनार त्या? रजा लई लांबली. त्यास्नी सांगायला पायजे की."

पेशंटना धक्का नको म्हणून तुम्ही रजेवर आहात असं मीच सगळ्यांना सांगायला लावलं होतं. आता त्याच्याशी खोटं बोलवेना. मी सांगितलं. आणि सांगता सांगता मला रडू फुटलं, आक्का. पेशंटसमोर डॉक्टरनं रडू नये, हेही मी फळ्यावर लिहून शिकवलेलं आहे. सर्जेराव खाटेवर थोडा सरकला आणि त्यानं माझ्यासाठी जागा केली. मी स्टुलावरून उठून तिथे बसले.

दारात शालन उभी होती. कधी आली कुणास ठाऊक. तिनं आपल्या पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडून आधी माझ्या हातात दिली. मी दोन घोट प्यायले. मग तिनं ती माझ्या हातून घेतली आणि त्याच्यापुढे धरली.